गाझीपूरचे गाऱ्हाणे: ग्रामीण खासदार आपल्या भागाचा प्रश्न संसदेत मांडतो तेव्हा काय होते?



अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात 'भारतीय राज्यघटना' हा विषय सक्तीचा आहे, पण त्याला श्रेयांक नाहीत. त्यामुळे त्याच्या तासाला वर्गात किती जण असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. माझा मूळ विषय स्थापत्य. हा विषय माझ्या वाट्याला वेळापत्रकात जागा रिकामी होती म्हणून आला. पण दरवर्षी जे दहा-बारा जण नियमाने येतात, त्यांच्यापैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो: "सर, आमच्या भागातल्या पुलाचा प्रश्न खासदारांनी संसदेत मांडला. त्याचा व्हिडिओही आला. मग पूल का होत नाही?"

प्रश्न साधा आहे आणि रास्तही आहे. त्याचे उत्तर कलमांची यादी देऊन मिळत नाही, एखादे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे लागते. या टिपणात आपण उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरचे प्रकरण पाहू, कारण ते १९६२ मध्ये सुरू होते आणि २०२४ पर्यंत चालते. मध्ये थोडे कोकणातही जाऊ.

हजरतगंजमधली एक संध्याकाळ

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गासाठी मी लखनौला गेलो होतो. संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला की सगळे हजरतगंजला जायचे. एका रंगात रंगवलेल्या दुकानांच्या ओळी, जहांगीराबाद मॅन्शनमधले जुने कॉफी हाउस, आणि थोडे पुढे मोठे टपाल कार्यालय. इंग्रजांच्या काळात ही इमारत रिंग थिएटर म्हणून ओळखली जाई. काकोरी खटला इथेच चालला. तिथून विधान भवन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणूनच शेजारच्या उद्यानातला गांधीजींचा पुतळा ही राज्यभरातून येणाऱ्या मोर्च्यांची आणि धरण्यांची नेहमीची जागा.

त्या दिवशी तिथे पूर्वेकडच्या जिल्ह्यांतून आलेले वीस-पंचवीस शेतकरी बसले होते. मागणी कालव्याच्या पाण्याची होती. शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, ही आपल्याकडेही ऐकू येणारी तक्रार. चहाच्या टपरीवर त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांशी बोलणे झाले. ते गाझीपूरचे. मी महाराष्ट्रातला आहे, स्थापत्य शिकवतो, असे कळल्यावर त्यांनी गंगेवर चाललेल्या रेल्वे पुलाच्या कामाची गोष्ट काढली आणि तिथून गाडी गहमरीजींवर आली. आमच्या खासदाराने संसदेत आमची गरिबी सांगितली तेव्हा नेहरू रडले होते, असे ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यात अभिमान होता आणि थोडा कडवटपणाही. मी विचारले, मग आता कालव्यासाठी दिल्लीला न जाता इथे का आलात? ते हसले आणि म्हणाले, पाणी लखनौकडे आहे, रेल्वे दिल्लीकडे. एवढे तर आता आम्हालाही कळले आहे.

राज्यघटनेचे सातवे परिशिष्ट इतक्या थोडक्यात मी वर्गात कधी सांगू शकलो नव्हतो.

जून १९६२

विश्वनाथ सिंह गहमरी हे तिसऱ्या लोकसभेत गाझीपूरचे काँग्रेसचे खासदार होते. गहमर हे त्यांचे गाव. फौजेत जाणाऱ्या तरुणांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. हिंदी वाचणाऱ्यांना ते आणखी एका कारणाने माहीत असते: हिंदीतले सुरुवातीचे गुप्तहेरकथा-लेखक गोपालराम गहमरी याच गावचे.

नकाशा काढून बघा. गहमर गंगेच्या दक्षिणेला आहे आणि हावडा–दिल्ली हा मुख्य लोहमार्ग गावाजवळून जातो. जिल्ह्याचे ठिकाण गाझीपूर मात्र गंगेच्या उत्तर तीरावर. दिलदारनगरहून एक छोटी शाखा नदीकाठच्या ताडीघाटपर्यंत जाते. ती १८८० मध्ये सुरू झाली आणि नदीपाशी येऊन थांबली. पलीकडे जायचे तर नाव. म्हणजे दिल्लीची गाडी दाराशी होती आणि स्वतःच्या जिल्ह्याची कचेरी नदीपलीकडे.

जून १९६२ मध्ये गहमरींनी लोकसभेत पूर्व उत्तर प्रदेशच्या दारिद्र्याविषयी भाषण केले. त्यातली एक गोष्ट देशभर गेली. आपल्या भागात पोट भरण्यासाठी माणसे जनावरांच्या शेणातून निघालेले धान्य धुऊन खातात, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. तिकडे या धान्याला 'गोबरहा' म्हणतात. तुमच्यापैकी ज्यांच्या आजोबांनी खळ्यावर मळणी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. मळणीच्या वेळी बैलांची पात फिरते. बैलांना मुसकी बांधली नाहीत तर ते कणसांत तोंड घालतात आणि त्यांतले बरेच धान्य न पचता शेणातून बाहेर पडते. ते शेण गोळा करून, धुऊन, धान्य वाळवून दळायचे. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती अशा मजूर कुटुंबांवर, त्यातही दलित कुटुंबांवर, ही वेळ येई.

हे ऐकून पंतप्रधान नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्या भागात आजही सांगतात. आपण विद्यार्थी म्हणून जे बघायचे ते वेगळे आहे. भाषणानंतर नियोजन आयोगाने एक संयुक्त अभ्यासगट नेमला. बी. पी. पटेल त्याचे अध्यक्ष, म्हणून लोक त्याला पटेल आयोग म्हणतात. गाझीपूर, आझमगढ, देवरिया आणि जौनपूर असे चार जिल्हे त्याच्या अभ्यासासाठी घेतले होते. अहवाल १९६४ मध्ये आला. त्याच वर्षी २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाले.

इथे एक बारकावा आहे. गहमरी सत्ताधारी पक्षाचे होते. आपल्याच सरकारच्या तोंडावर त्यांनी आपल्या भागाची उपासमार सांगितली. तुम्ही म्हणाल, तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. खरे आहे, दहावे परिशिष्ट १९८५ मध्ये आले. पण पक्षादेश मोडल्याबद्दल त्यात जी कारवाई आहे ती मतदानाशी बांधलेली आहे. मतदारसंघाची अडचण सभागृहात सांगितली म्हणून त्या कायद्याने कोणाची खासदारकी जात नाही. शिवाय अनुच्छेद १०५ नुसार सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल न्यायालयात कारवाई होत नाही. आजचे सत्ताधारी खासदार गप्प बसतात ते कायद्यामुळे नव्हे, पुढच्या उमेदवारीमुळे. हे माझे मत. परीक्षेत लिहू नका.

गोष्ट आणि आकडा

गहमरींच्या भाषणानंतर वर्षभराने, ऑगस्ट १९६३ मध्ये, लोकसभेत पहिला अविश्वास प्रस्ताव आला. तो आचार्य कृपलानींनी मांडला होता. त्या चर्चेत डॉ. राममनोहर लोहिया बोलले. तेही पूर्व उत्तर प्रदेशातले, अकबरपूरचे. त्याच वर्षी फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले होते. देशातली साठ टक्के जनता, म्हणजे २७ कोटी माणसे, दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा त्यांचा दावा होता. नेहरूंनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाने पंधरा आणे सांगितले. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी साडेसात आणे सांगितले. तीन, साडेसात, पंधरा. यातला खरा आकडा कोणता?

हे गणित मी वर्गात करून घेतो. समजा साऱ्या देशाची सरासरी पंधरा आणे आहे आणि खालचे साठ टक्के लोक तीन आण्यांवर आहेत. साठ टक्क्यांचा वाटा ०.६ × ३ = १.८ आणे. उरले १३.२ आणे, ते चाळीस टक्क्यांत वाटायचे. १३.२ ÷ ०.४ = ३३ आणे. म्हणजे वरचे चाळीस टक्के सरासरी ३३ आण्यांवर असतील, तर लोहियांचे तीन आणे आणि नेहरूंचे पंधरा आणे एकाच वेळी खरे असू शकतात. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. सरासरी एकाची आणि तळाचा गट दुसऱ्याचा. नंदांचा साडेसातचा आकडा तळाच्या साठ टक्क्यांसाठी धरला, तर वरच्यांचे किती येतात ते तुम्ही काढा.

आणखी एक मापदंड हाताशी ठेवा. नियोजन आयोगाने १९६२ मध्येच नेमलेल्या एका कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार माणशी महिना २० रुपये हा किमान खर्च धरला होता. २० रुपये म्हणजे ३२० आणे; भागिले ३०, रोजचे पावणेअकरा आण्यांच्या आसपास. आता तीन, साडेसात आणि पंधरा हे आकडे या रेषेशी ताडून पाहा.

गहमरींनी गोष्ट सांगितली, लोहियांनी आकडा मांडला. लोहियांच्या आकड्याने देशभर वाद झाला, पण त्यातून गाझीपूरसाठी वेगळे काही आले नाही. गहमरींच्या गोष्टीतून गाझीपूरसाठी अभ्यासगट आला. एखाद्या भागासाठी काही मागायचे तर त्या भागाचे नाव, गाव आणि घडलेली वस्तुस्थिती लागते. धोरण बदलायचे तर आकडा लागतो. खासदाराला दोन्ही येणे ही चैन आहे. फार थोड्यांना येते.

पाणी लखनौकडे, रेल्वे दिल्लीकडे

टपरीवरच्या त्या गृहस्थांकडे परत येऊ. सातव्या परिशिष्टात तीन सूची आहेत. शेती, पाणी व कालवे, जमीन हे विषय राज्य सूचीत. रेल्वे संघ सूचीत. गहमरींनी जे दुःख सांगितले त्यातले बहुतेक, म्हणजे शेतमजुरी, जमिनीची वाटणी, सिंचन, पूर, हे घटनेच्या हिशेबाने लखनौच्या विधान भवनाचे विषय होते. तरी ते दिल्लीत सांगावे लागले, कारण पैसा आणि पंचवार्षिक योजना दिल्लीच्या हातात होत्या. म्हणून अभ्यासगट 'संयुक्त' नेमावा लागला.

यात एक धोका असतो. प्रश्न दिल्लीत मांडला की केंद्रीय मंत्री उठून सांगतात, हा राज्याचा विषय आहे. तोच प्रश्न आमदाराने विधानसभेत मांडला की उत्तर मिळते, केंद्राकडे प्रस्ताव पाठवला आहे. चेंडू इकडून तिकडे. यातून वाट काढायची तर प्रश्नाचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकडा त्याच्या धन्याकडे न्यावा लागतो. पूर्वांचल द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्या. लखनौपासून गाझीपूरपर्यंत सुमारे ३४१ किलोमीटरचा हा रस्ता राज्य सरकारच्या संस्थेने बांधला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो खुला झाला. त्याचा निर्णय लखनौत झाला. गंगेवरचा रेल्वे पूल मात्र लखनौला कितीही वाटला तरी लखनौ बांधू शकत नव्हते.

सभागृहात बोलण्याच्या वाटा

आता खासदाराच्या हातात असलेली साधने पाहू. पुस्तकात ती ओळीने दिलेली असतात आणि सगळी सारख्याच वजनाची वाटतात. तशी ती नाहीत.

तुम्ही मोबाइलवर जे व्हिडिओ बघता त्यांतले बहुतेक शून्य प्रहरातले असतात. प्रश्नोत्तराचा तास संपल्यावरची ही वेळ. खासदाराला मिनीट-दोन मिनिटे मिळतात आणि मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसते. नियम ३७७ खालचा उल्लेखही असाच. छोटा मजकूर वाचायचा किंवा पटलावर ठेवायचा, मंत्रालय पुढे लेखी उत्तर पाठवते. मतदारसंघातले प्रश्न सर्वांत जास्त या दोन वाटांनी येतात, आणि यांची पकड सर्वांत सैल आहे.

तारांकित प्रश्नाची पकड घट्ट असते. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, सोडतीत नाव यावे लागते आणि दिवसाला वीसच प्रश्न यादीत असतात. त्यांतले तोंडी उत्तरापर्यंत थोडेच पोहोचतात. पण पोहोचला तर मंत्र्याला उभे राहावे लागते आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला नुसते लेखी उत्तर मिळते. विद्यार्थी त्याला कमी लेखतात. माझ्या मते अभ्यासू खासदाराचे खरे हत्यार तेच. रेल्वे पुलाचे सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले, अंदाजपत्रक किती, काम कोणत्या टप्प्यावर अडले, हे एकदा लेखी उत्तरात आले की पुढच्या सरकारलाही ते नाकारता येत नाही.

आणि एक साधन, जे वर्गात कोणालाच माहीत नसते. मंत्री सभागृहात म्हणतात, "या मागणीचा विचार केला जाईल." टाळ्या पडतात, विषय संपला असे सर्वांना वाटते. पण अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात. लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती १९५३ पासून आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचे असते, नाही केले तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात हे खरे. पण फाइल मरत नाही.

खासगी सदस्यांची विधेयके शुक्रवारी दुपारी येतात. आजवर अशी फक्त चौदा विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरी पास न झालेली विधेयकेही लक्षात राहतात. बॅरिस्टर नाथ पै यांचे १९६७ चे घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयीचे विधेयक त्यांतले एक.

खासदार निधीविषयी तुमच्यापैकी पुष्कळांचा गैरसमज आहे. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहेत. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासन करते. २०२४ च्या यादीतले सुमारे ९७ कोटी मतदार ५४३ मतदारसंघांत वाटले तर एका खासदारामागे जवळजवळ १८ लाख मतदार येतात. माणशी वर्षाला २८ रुपये. गाझीपूरकडच्या पुलासह नव्या मार्गाचा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा खर्च सुमारे १,७६६ कोटी होता. खासदार निधीतून तो करायचा म्हटला तर ३५३ वर्षे लागली असती.

त्यातच सभागृहाचे दिवस कमी झाले. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत असे, सतरावी ५५ दिवस. कमी दिवसांत तेवढेच खासदार. दोन मिनिटांसाठीही रांग लागते ती यामुळे.

कोकणचा मार्ग

आता महाराष्ट्रात येऊ, कारण ताडीघाटच्या पुलाशी ताडून बघण्यासारखे एक प्रकरण आपल्याकडे आहे.

राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका नाथ पै जिंकले. कोकणाला रेल्वे हवी, ही मागणी त्यांनी संसदेत लावून धरली. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी मधू दंडवते त्या जागेवरून निवडून आले आणि पुढे वीस वर्षे तिथले खासदार राहिले. नाथ पैंच्या हयातीत रेल्वे आली नाही. पण पुढच्या माणसाने मागणी तिथूनच उचलली. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि आपटा–रोहा टप्प्याला १९७८ मध्ये मंजुरी मिळाली. रोह्यापर्यंत रूळ पोहोचायला १९८६ उजाडले. या वेगाने मंगळूर कधी आले असते, याचा हिशेब तुम्हीच करा.

अडचण पैशाची होती. रेल्वेच्या अंदाजपत्रकात एवढा मोठा मार्ग बसत नव्हता. १९८९-९० मध्ये दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. तिघांचेही पश्चिम किनाऱ्याशी नाते: एक राजापूरचे खासदार, एक मंगळूरचे, एक उत्तर कन्नडचे. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. बाकी पैसा रोखे काढून उभा केला. केंद्राचा विषय असूनही राज्यांना भागीदार करून घेतले, म्हणून चेंडू इकडून तिकडे फेकायला जागा उरली नाही. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचे सुमारे ७४१ किलोमीटर १९९८ मध्ये पूर्ण झाले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल तुम्ही बोगदे आणि पुलांच्या तासाला शिकालच.

नदीच्या काठावर थांबलेली गाडी

गाझीपूरला मागणी उचलणारा पुढचा माणूस लवकर भेटला नाही. १९६७ मध्ये ती जागा भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या सरजू पांडे यांच्याकडे गेली. ताडीघाट आणि गाझीपूर रेल्वेने जोडावे, ही पटेल अभ्यासगटाची शिफारस कागदावर राहिली. मधल्या काळात गंगेवर रस्त्याचा पूल झाला, त्यामुळे निकड थोडी कमी झाली असावी. तांत्रिक अडचणही होती, ती राजकारणाच्या पुस्तकात सापडणार नाही. दक्षिणेचा मुख्य मार्ग ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. उत्तरेचा मार्ग त्या काळी मीटरगेज, १,००० मिलिमीटर. नुसता पूल बांधून एकाही डब्याला पलीकडे जाता आले नसते. उत्तरेकडचे गेज बदलल्यावरच पुलाला अर्थ आला. भाषण ऐकताना आपण असे प्रश्न विचारत नाही, ते विचारायला हवेत.

२०१४ मध्ये गाझीपूरचे खासदार मनोज सिन्हा रेल्वे राज्यमंत्री झाले. बनारसच्या अभियांत्रिकी संस्थेतून स्थापत्य शिकलेला माणूस, म्हणून आम्हा मास्तरांना थोडे कौतुक. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते गाझीपुरात प्रकल्पाची पायाभरणी झाली. तो नेहरूंचा जन्मदिवस होता, आणि पंतप्रधानांनी त्या सभेत जुन्या अहवालाची आठवण काढली. पुलाची रचना दुमजली आहे, रेल्वे आणि रस्ता एकाच खांबांवर. मार्च २०२४ मध्ये या मार्गाचे लोकार्पण झाले. गहमरींच्या भाषणानंतर बासष्टाव्या वर्षी.

आता निवडणुकांचे निकाल पाहा. कोकण रेल्वेचे काम सुरू असताना, १९९१ मध्ये, दंडवते राजापुरातून हरले. पुलाचे खांब उभे राहत असताना, २०१९ मध्ये, मनोज सिन्हा गाझीपुरातून हरले. हे विद्यार्थ्यांना पटत नाही. मी दोन्ही निकाल फळ्यावर लिहितो आणि कारणे त्यांनाच शोधायला सांगतो. जात, लाट, उमेदवार, युती अशी उत्तरे येतात, आणि ती सगळी थोडीथोडी बरोबर असतात. एका मुलीने मात्र लिहिले होते की पूल बांधायला दहा वर्षे लागतात आणि मत दर पाच वर्षांनी द्यावे लागते. मी तिला पूर्ण गुण दिले असते, पण हा विषय बिनगुणांचा.

पुढच्या तासासाठी

संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे शोधता येतात. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे नाव टाका. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तुमच्या तालुक्याविषयी काही विचारले आहे का, ते बघा. विचारले असेल तर तो प्रश्न तारांकित होता की अतारांकित, शून्य प्रहरातला की नियम ३७७ खालचा, हे नोंदवा. मंत्र्यांच्या उत्तरात 'राज्याचा विषय' हे शब्द आले का? 'विचार केला जाईल' असे आले का? आले असतील तर त्याखाली रेघ मारून, उत्तराच्या तारखेपासून तीन महिने मोजा.

आणि काहीच विचारलेले नसेल, तर तुम्हाला विचारावासा वाटणारा एक प्रश्न दीडशे शब्दांत लिहून आणा. गावाचे नाव, नदीचे किंवा रस्त्याचे नाव, वर्ष आणि निदान एक आकडा त्यात असू द्या. खासदाराच्या कार्यालयाचा पत्ता त्याच संकेतस्थळावर आहे. टपाल आपण वर्गातून एकत्रच करू.